सत्तर टक्के कशाचे?

मॅडम,

आज सकाळी एका मुलीने तिच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण माझ्या टेबलावर आणून ठेवलं. विषय आपलाच, अरुंद झालेल्या धमनीतून रक्त कसं वाहतं त्याचं गणित. फक्त आता या मुलांकडे सगळं रंगीत असतं. लाल-निळ्या पट्ट्यांमधून रक्त वाहताना पडद्यावर दिसतं, आणि ज्या उत्तरासाठी आपण महिनाभर डोकेफोड करायचो ते यांचा चहा संपायच्या आत येतं. तिसऱ्या पानावर तिने लिहिलं होतं, 'धमनी सत्तर टक्के अरुंद झाली आहे असे मानू.' माझा हात आपोआप लाल पेनाकडे गेला आणि मी समासात लिहिलं, 'टक्के कशाचे?' ती मुलगी बिचारी घाबरली. मी तिला सांगितलं की घाबरू नकोस, हे मला कुणीतरी असंच विचारलं होतं आणि मी त्यातून जिवंत वाचले आहे. ती गेल्यावर मी खोलीचं दार लोटून घेतलं आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि लिहायला आज सुचतंय.

तुमच्याकडे पीएच.डी.साठी पहिल्यांदा आले तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी एम.एस्सी. होऊन एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. आमचं घर मखमलाबादच्या बाजूला, मळ्यातच. कोबी, फ्लॉवर, मेथी, टोमॅटो. दादा पहाटे माल घेऊन मार्केटला निघायचे आणि त्यांच्याच टेम्पोत क्रेटच्या शेजारी बसून मी कॉलेजला यायचे, त्यामुळे माझ्या ओढणीला कायम कोथिंबिरीचा वास. तुम्ही स्टाफरूममध्ये मला आपादमस्तक पाहिलंत आणि म्हणालात, "मळ्यात राहतेस? मग वाहत्या पाण्याशी तुझी ओळख आहे. फ्लुइड मेकॅनिक्स कर." मला मनातून राग आला होता. मळ्यातल्या मुलीला पाणीच तेवढं कळणार, हा कुठला न्याय? मला खरं तर संख्यांच्या गमतीजमती करायच्या होत्या. पण नाशकात मला परवडेल असा, घरी परतता येईल इतक्या अंतरावरचा गाइड एकच होता आणि तो म्हणजे तुम्ही. मग मी छाप पाडायला म्हणून म्हटलं, "मॅडम, द्वारका चौकात रस्ता आवळतो तिथे लासलगावहून आलेले कांद्याचे ट्रक तुंबतात, तसंच असणार ना धमनीत?" तुम्ही चष्मा काढलात. "अजिबात नाही. अरुंद जागी ट्रक हळू होतो. रक्त धावत सुटतं. तेवढंच रक्त तेवढ्याच वेळात बारक्या वाटेने न्यायचं, तर दुसरं काय करेल ते? उदाहरण सुचलं की आधी त्याच्यावर संशय घ्यायचा, समजलं?" मी आजही वर्गात द्वारकेचं उदाहरण देत नाही. तिथे अडकले की मात्र तुमची आठवण येते, आणि तिथे मी बरेचदा अडकते.

खरी बोलणी तर मी नंतर खाल्ली. विभागातल्या सगळ्यांसमोर माझं पहिलं सेमिनार. आईने इस्त्री करून दिलेली साडी, घामेजलेला हात, हातात खडू. मी सुरुवात करते, "समजा, धमनी पन्नास टक्के अरुंद झाली..." आणि मागच्या बाकावरून तुमचा आवाज येतो, "टक्के कशाचे?" मी म्हणते, "म्हणजे... अरुंद झाली, मॅडम." तुम्ही उभ्या राहता. "त्रिज्येचे की क्षेत्रफळाचे? त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा विरोध सोळापट होतो. क्षेत्रफळ निम्मं झालं तर चौपट. सोळा आणि चारमध्ये एक अख्खा माणूस मावतो. बस खाली." मी खाली बसले. नंतर मुलींच्या खोलीत जाऊन मनसोक्त रडले, आणि तोंड धुऊन बाहेर आले तर तुम्ही दारात उभ्या. समजूत घालायला आल्या असाल असं वाटलं, तर म्हणता काय, "यापुढे आपल्या घरात क्षेत्रफळ. शेजारीपाजारी काहीही मोजोत. प्रबंधभर क्षेत्रफळ म्हणजे क्षेत्रफळ." त्या 'आपल्या घरात'मुळे मी टिकले, मॅडम. नाहीतर त्या दिवशी मी टेम्पोत बसून जी गेले असते ती थेट लग्नाच्या मांडवातच उतरले असते.

त्या प्रश्नातून तुम्ही कुणालाही सोडलं नाहीत. वर्तमानपत्रात निकालाचे आकडे आले की स्टाफरूममध्ये घोषणा व्हायची, टक्के कशाचे? मेन रोडच्या साडीच्या दुकानात पन्नास टक्के सूट लिहिलं होतं, तिथल्या माणसाला तुम्ही इतकं पिडलंत की त्याने शेवटी पाटीच उलटी करून ठेवली. मला तुमच्याबरोबर बाजारात जायची लाज वाटायची आणि मजाही वाटायची.

शनिवारी दुपारी तुमच्या घरी जायचा शिरस्ता कधी पडला ते आठवत नाही. पंडित कॉलनीतलं पहिल्या मजल्यावरचं ते घर, एकटीचं, आणि सगळं काम स्वयंपाकघरात, कारण दिवाणखान्यातल्या टेबलावर पुस्तकं चढलेली. तुम्ही पोळ्या लाटत सांगायच्या आणि मी पिंपावर वही ठेवून उतरवून घ्यायचे. रक्त पाण्यासारखं नसतं, हे तुम्ही मला पिठल्यावर शिकवलंत. घट्ट पिठल्याची कढई तुम्ही तिरकी केलीत. "हललं?" नाही. अजून थोडी तिरकी. "हललं?" नाही. अजून जराशी, आणि सगळं पिठलं धप्पकन ताटात, थोडं ओट्यावर, थोडं माझ्या वहीवर. "बघ. ठरावीक जोर लागेपर्यंत ते जागचं हलत नाही. बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताचं असंच असतं. पाणी असं करेल का? आता पूस ते, आणि समीकरणात ती जोराची संज्ञा घाल." त्या वहीच्या पानाला नंतर कितीतरी दिवस लसणाचा वास होता.

आमची आई एकदा भाजीची पिशवी घेऊन माझ्याबरोबर आली होती, तेव्हाचं तुम्हाला आठवत असेल. आपण दोघी समोरासमोर कागद पसरून बसलेल्या, आणि ती दाराशी उभी राहून आपल्याकडे संशयाने बघतेय. मग म्हणाली, "मॅडम, तुमी रगताचा हिशोब करता म्हने. मंग आमच्या हिचंच रगत कामून वाढत नाय? लय पांढरीफटक दिसती." तुम्ही इतक्या हसलात की डोळ्यांत पाणी आलं. "अहो, आम्ही फक्त वाहतं किती ते बघतो. वाढवायचं खातं तुमच्याकडे." आई म्हणाली, "मंग बीट देत जाते हिच्याकडं. दोघीबी खा." त्यानंतर बिटाचे इतके गड्डे तुमच्या घरी आले की तुम्ही शेजाऱ्यांत वाटायला लागलात. आई मात्र अखेरपर्यंत सांगत राहिली की मॅडमच्या तोंडावर जो तजेला होता तो आमच्या बिटाचा.

आणि एक शनिवार तो, तुम्ही मला स्टेथोस्कोप दिलात तो. वाढदिवस नाही, सण नाही. औषधांच्या दुकानांच्या रांगेतून जाताना दिसला म्हणून घेतला म्हणालात. "ज्याच्यावर इतकी पानं काळी केलीस ते एकदा ऐक तरी." आधी तुम्ही माझ्या छातीला लावून ऐकलंत, मग मी तुमच्या. पदरावरून आधी नुसती खसखस, मग अचानक ते, धडधड, धडधड, इतकं जवळ की मी दचकले. तुमच्यासारख्या कडक बाईच्या आत इतकं मऊ काही चालू असेल असं मला वाटलं नव्हतं. मी हे बोलणार तोच तुमचा चेहरा पडला. "अगं, हे तर थांबून थांबून ढकलतंय. आणि आपण तिसऱ्या प्रकरणात प्रवाह एकसारखा धरलाय. नळ सोडल्यासारखा." मी म्हटलं, "तसं गृहीत धरलंय म्हणून लिहिलंय ना, मॅडम." "लिहिलंय खरं. पण आता ऐकल्यावर तसं ठेवता येणार आहे का?" तिसरं प्रकरण नव्याने लिहायला मला पुढचं वर्ष लागलं. मिळालेली भेट इतकी महागात पडलेली दुसरी विद्यार्थिनी माझ्या ऐकिवात नाही.

त्या वर्षातच आपल्या कामाचा गाभा हाती लागला. धमनी एकदम पाइप चेपल्यासारखी अरुंद होत नाही. आतून टेकाडासारखा उंचवटा येतो, हळूहळू चढतो, एका जागी सगळ्यात जास्त आवळतो आणि पुन्हा उतरतो. त्या सगळ्यात बारीक जागेला आपण गळा म्हणायचो. तुम्ही सांगायच्या की नुसत्या गळ्यावरून सबंध धमनीचा निकाल लावायचा नाही. काकडीच्या चकत्या करतात तसे तिचे पातळ काप करायचे, प्रत्येक कापाचा विरोध काढायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. तेच इंटिग्रेशन, तोच आपला प्रबंध. "वर्गातल्या सगळ्यात ढ मुलावरून वर्गाचे मार्क ठरवतेस का तू?" असं तुम्ही विचारायच्या.

मग तुमचा जिना सुरू झाला. गणित विभाग दुसऱ्या मजल्यावर, आणि तुम्ही मधल्या वळणावर थांबायला लागलात. थांबून नोटीस बोर्ड वाचायच्या. त्या बोर्डावर गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या नोटिशीशिवाय काही नव्हतं, आणि ती तुम्ही रोज वाचत होतात. मी विचारलं तर, "ॲसिडिटी आहे, ओवा खाते." ओव्याची डबी पर्समध्ये आली. सोमेश्वरपर्यंत चालायला जायच्या ते बंद झालं, कारण काय तर रस्त्यावर धूळ फार. माझ्या काही लक्षात आलं नाही असं नाही. पण तुम्हाला तब्येतीचं विचारणं म्हणजे वाघिणीला दात दाखव म्हणण्यासारखं. शेवटी एका परीक्षेच्या हॉलमध्ये तुम्ही भिंत धरून खाली बसलात आणि मग कुणी तुमचं ऐकून घेतलं नाही. अँजिओग्राफी झाली. पुण्याचा भाचा दोन दिवस येऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाच्या मुख्य धमनीच्या सुरुवातीलाच सत्तर टक्के अडथळा आहे, बायपास करून घ्या, फार दिवस लांबवू नका.

पुढच्या शनिवारी मी आले तेव्हा मला वाटलं होतं तुम्ही पडून असाल. तुम्ही तर चक्क खुशीत होतात. शिऱ्याचा वास येत होता. तुम्ही दवाखान्याच्या मोठ्या पाकिटाची कोरी बाजू माझ्यापुढे सरकवलीत, तिच्यावर पेन्सिलीने तुमचं ते सुबक अक्षर, आणि अख्खं गणित. सत्तर टक्के क्षेत्रफळ गेलं, तीस राहिलं, टेकाडाचा आकार आपल्या चौथ्या प्रकरणातला, काप, बेरीज, सगळं नीट. "हे बघ. प्रवाहात म्हणावा तसा फरक पडतच नाही. गोळ्यांवर भागेल. डॉक्टर लोकांना इंटिग्रेशन येत नाही, त्याला ते तरी काय करणार?" आणि हसलात. मीही हसले. शिरा खाल्ला. तुमच्या गणितात एकही चूक नव्हती, मी ओळ न् ओळ पाहिली होती. तुम्हाला छाती उघडावी लागणार नाही, या आनंदात मी मखमलाबादेपर्यंत गाणं गुणगुणत गेले.

चूक मला घरी हात धुताना दिसली. कागदावर नव्हतीच ती. सत्तर टक्के कशाचे, हे तुम्ही डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. आपल्या घरात क्षेत्रफळ, म्हणून तुम्ही क्षेत्रफळ धरलं होतं. पण डॉक्टर आपल्या घरातले कुठे होते? लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, असं मला पहिल्यांदा वाटलं आणि थोडं हसूही आलं. मग हसू गेलं. कारण ज्या बाईने साडीवाल्याला सोडलं नाही, ती स्वतःच्या हृदयाच्या वेळी हा प्रश्न विसरते, हे कसं? मी मोरीपाशी तशीच ओल्या हाताने उभी राहिले. आई म्हणाली, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काय नाय. मॅडम घाबरल्यात." हे मी बोलून गेले तेव्हाच मला ते कळलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या डॉक्टरांकडे गेले. बाहेर भरपूर गर्दी, मी पेशंट नाही म्हणून कंपाउंडर आत सोडेना. शेवटी डॉक्टर जेवायला निघाले तेव्हा जिन्यात गाठलं. तरुण होते, दमलेले. मी विचारलं, "डॉक्टर, सत्तर टक्के म्हणजे कशाचे?" त्यांना वाटलं मी बिलाबद्दल बोलतेय. समजल्यावर परत आत आले, फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली आणि बोटाने दाखवलं. "हे बघा, ही सावली आहे. सावलीत फक्त रुंदी दिसते. क्षेत्रफळ मला कसं दिसणार? आम्ही व्यासच बघतो. नेहमी. सगळेच." त्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर तुमची धमनी मी पाहिली. इतकी वर्षं जी मी वक्ररेषा म्हणून काढत आले होते ती तिथे खरीच होती, एका जागी दोऱ्यासारखी बारीक झालेली. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या मॅडम फार हुशार आहेत हो. मला अर्धा तास शिकवलं त्यांनी. पण त्यांना सांगा, गणित ऑपरेशननंतर करा."

घरी येऊन मी ओटीवर बसले आणि गणित मांडलं. आता व्यासाचे सत्तर टक्के. नीट केलं, तुम्ही शिकवलं तसं, टेकाड, काप, बेरीज. उत्तर आलं ते तुमच्या पाकिटावरच्या उत्तरापेक्षा पुष्कळ वाईट होतं. पण मला हवं होतं तितकं वाईट ते नव्हतं. अडथळा लांबीला छोटा होता, गळा तर अगदीच कणभराचा, त्यामुळे बेरजेत त्याचा धाक कमी व्हायचा. मधलं काहीतरी उत्तर होतं ते, वाद घालता येईल असं. आणि वादात मी तुम्हाला कधी हरवलं होतं? तुम्ही म्हणाला असतात की भिंत आपण कडक धरलीय, खरी धमनी लवचीक असते, थोडी सवलत मिळेल, आणि हे धरलंय, ते धरलंय, आणि तासाभराने माझ्याच गणिताने मला दाराबाहेर काढलं असतंत. पुन्हा गोळ्या आणि ओवा. तुमच्या छातीत काय चाललंय याची मला खरोखर भीती वाटत होती, मॅडम.

मग मी दुसरा कागद घेतला.

तुमच्याकडे जाताना आईकडून मटारच्या शेंगा मागून घेतल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार. तुम्ही म्हणालात, बरं झालं, सोलू या, आणि आपण ओट्याशी दोन पाट टाकून बसलो. थंडीचे दिवस, खिडकीतून ऊन आत आलेलं. बऱ्याच शेंगा झाल्यावर मी म्हटलं, "मॅडम, डॉक्टर व्यास मोजतात." तुमचा अंगठा शेंगेतच थांबला. "कुणी सांगितलं?" "मी विचारून आले." रागावाल असं वाटलं होतं, पण तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पकडलं गेलेल्या लहान मुलीसारखं काहीतरी होतं, आणि ते बघवेना म्हणून मी घाईने कागद पुढे केला. "करून आणलंय." तुम्ही हात पदराला पुसलेत, कानावरची पेन्सिल काढलीत आणि वाचायला लागलात. पहिली ओळ. दुसरी. पेन्सिलीचं टोक प्रत्येक चिन्हाखालून सरकत होतं. एका जागी ते थांबलं. तिथेच थांबून राहिलं. खाली मी उत्तर लिहिलं होतं, विरोध एकशे तेवीस पट, आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला, त्याची आरोळी दूर जाईपर्यंत तुम्ही तशाच. मग तुम्ही पेन्सिल परत कानावर ठेवलीत, कागदाची घडी केलीत आणि म्हणालात, "हं. एकशे तेवीस म्हणजे फारच झालं." आणि पुन्हा एक शेंग उचललीत. थोड्या वेळाने, शेंगेकडेच बघत, "त्या डॉक्टरचा दिवस कोणता असतो गं?"

ऑपरेशन झालं. भाच्याबरोबर मीही दवाखान्यात राहिले. तुम्हाला आत नेताना तुम्ही माझा हात धरलात, आणि तुमचा हात थंड होता, आणि तुम्ही म्हणालात, "चौथं प्रकरण टाइप करायला दे, बसून राहू नकोस." चार-दोन दिवसांनी उशाला टेकून बसता यायला लागलं तर तुम्ही ते प्रकरण मागवून घेतलंत. आवाज फुटत नव्हता, छातीला पट्टा, आणि तुम्ही त्या अवस्थेत माझ्या एका लांबलचक समीकरणात राहून गेलेला एक गुणक शोधून काढलात. नर्स मला रागावली. तुम्ही तिच्याकडे दुर्लक्ष करून मला खुणेनेच विचारलंत, हे काय आहे?

त्यानंतर तुम्हाला चांगली वर्षं मिळाली. माझ्या व्हायवाला पहिल्या रांगेत बसलात आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाला तुम्हीच एक प्रश्न विचारलात, तो अजून दचकत असेल. मला कायमची नोकरी लागली तेव्हा पेढे तुम्ही वाटलेत. मळ्यात आलात, पथ्य गुंडाळून ठेवून आईच्या हातची भाकरी आणि ठेचा खाल्लात, वर म्हणालात की नवीन रस्ते घातलेत, वापरायला नकोत का. सोमेश्वरला पुन्हा चालत जायला लागलात, मला धाप लागायची आणि तुम्ही पुढे. पुढे एका पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो छातीत उतरला. हृदय शेवटपर्यंत ठीक होतं असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मला रडू आलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

त्या मटारच्या दुपारबद्दल आपण कधीच बोललो नाही. तुम्ही क्षेत्रफळ का धरलंत ते मी विचारलं नाही. मला ते ठाऊक होतं, आणि माणसाने भ्यावं की नाही? तुमच्यामागे घरात कुणी नव्हतं, आणि आकड्यांइतकं जवळचंही कुणी नव्हतं, म्हणून तुम्ही त्यांच्याकडे गेलात. त्यांनी तुम्हाला हवं ते सांगितलं. यात मला आता काही चुकलेलं दिसत नाही. चुकलेलं जे होतं ते माझ्या कागदावर. एकशे तेवीस हा नुसत्या गळ्याचा आकडा होता. तो मी अख्ख्या धमनीला लावला होता. काप केले नव्हते, बेरीज केली नव्हती. ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही मला इतकी वर्षं घासलं होतंत, ती त्या कागदावर मुद्दाम नव्हती. आणि तुमची पेन्सिल नेमकी त्याच ओळीवर थांबली होती.

मी खूप वर्षं स्वतःला सांगत आले की तुम्ही आजारी होतात, भेदरलेल्या होतात, सुटलं असेल नजरेतून. पण छातीला टाके असताना ज्यांना राहिलेला गुणक दिसतो त्यांना एक अख्खं इंटिग्रेशन गेलेलं दिसणार नाही? तुम्हाला ते दिसलं होतं, मॅडम. तुम्ही मला 'बस खाली' म्हणू शकला असतात. त्याऐवजी तुम्ही कागदाची घडी केलीत आणि डॉक्टरचा वार विचारलात. आयुष्यात एकदाच तुम्ही चुकीचं गणित पास केलंत आणि ते माझं होतं. हे पत्र आता मी ड्रॉवरमध्येही ठेवणार नाही, फाडून टाकीन, कारण कुणाला सापडलं तर तो मलाच विचारेल, 'बाई, इतकं सोपं तुम्हाला कसं जमलं नाही?' जमलं होतं. बरोबर उत्तर पहिल्या कागदावर होतं, तो मी ओटीवरच ठेवून आले होते. त्या दिवशी मला उत्तर नको होतं, मॅडम. मला तुम्ही हव्या होतात.